किमान साठा

गोदीत एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो.
नटबोल्ट, वायसर, ग्रीसचे डबे,
कशाचा साठा कुठल्या रेघेखाली गेला की मागणी टाकायची
हे झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.
रिटायर झालो तेव्हा साहेबांनी घड्याळ दिलं.
मी एक कोरं रजिस्टर मागून घेतलं.

ते आता कन्नमवार नगरात, आमच्या स्वयंपाकघरात,
पोळपाटाच्या मागे उभं असतं.
तांदूळ, अकरा किलो. मीठ, दोन पुड्या.
पिण्याचं पाणी, तीन कॅन, दर रविवारी बदललेलं.
सेल: टॉर्चचे चार, रेडिओचे दोन.
हिच्या साखरेच्या गोळ्या, दिवस वीस.
रोकड पाच हजार, दहा-वीस-पन्नासांत,
शिवणाच्या डब्यात, रिळांखाली.

सून हसते. बाबा, दहा मिनिटांत येतं हो सगळं दारात.
येतं खरं.
पण अगं, दहा मिनिटांत येतं म्हणजे
घरात दहा मिनिटांपुरतंच आहे.

मग तो मंगळवार.
पाऊस नाही, दंगल नाही, कुणाचा बंद नाही.
नळाला पाणी, डोक्यावर पंखे चालू,
आणि छेडा मेडिकलसमोर माणसं फोन वर धरून उभी,
बीजेचा चंद्र शोधावा तशी.
पैसे सगळ्यांकडे होते. जागचे हलत नव्हते.
कुठेतरी कुणीतरी कसल्याशा यंत्राला कुलूप घातलंय
आणि किल्लीची किंमत मागतोय,
असं दुपारी रेडिओ म्हणाला.
भाजीचे टेम्पो वाशीलाच उभे,
गेटपास छापणारं मशीन मुकं झालं म्हणून.
औषध समोर फळीवर दिसतंय आणि बिल होत नाही,
छेडांचा मुलगा घामाघूम.
शेवटी म्हाताऱ्या छेडांनी माळ्यावरून बिलबुक काढलं.
कार्बन इतका जुना
की खालच्या कागदावर नुसते ओरखडे.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या कुटिन्होबाई आल्या.
पाणी प्यायल्या, हवापाण्याचं बोलल्या, निघाल्या,
आणि उंबऱ्याशी चप्पल शोधत राहिल्या,
पायात असलेली.
गोदीत स्लिपशिवाय मी साधा वायसर दिला नव्हता कुणाला.
डबा काढला.
जावक, चारशे.
कारणाचा रकाना अजून कोराच आहे.

गुरुवारी सगळं सुरळीत झालं,
आणि रात्री फोन आला.
हेमंत. कामाला नाशिकला गेलेला.
तोच घोगरा आवाज, बाबा म्हणायच्या आधीचा तोच श्वास.
अडकलोय, कार्ड चालत नाही, या नंबरवर लगेच पाठवा.
खोटं कशाला सांगू, आकडा टाकून झाला होता,
अंगठा तेवढा टेकायचा बाकी.
तेव्हा स्वरदा, वय नऊ,
भागाकारातून मान वर न करता म्हणाली,
आजोबा, शब्द विचारा.

दिवाळीत तिनेच ठरवलेला, घरच्या पाचांतला.
कुठे लिहायचा नाही. फोनवर पाठवायचा नाही.
रजिस्टरमध्ये तर नाहीच, माझ्याकडे बघून म्हणाली होती.
मला वाटलं, पोरीचा खेळ.

विचारला.
पलीकडे श्वास थांबला.
मग माझ्याच मुलाच्या आवाजात कुणीतरी म्हणालं,
कुठला शब्द, बाबा?

फोन ठेवला. हात मात्र थांबेना,
जणू पोटच्या पोराला नाही म्हणालो होतो.
त्याचा खरा नंबर मला पाठ नव्हता, ही माझी चूक.
रजिस्टरच्या शेवटच्या पानावर होता.
लावला. उचलला. जांभई देत त्याने शब्द सांगितला,
वर विचारलं, जेवलात का?

दुसऱ्या दिवशी नवी ओळ घातली.
शब्द: नग एक.
किमान साठा एक, कमाल साठा एक, जावक नाही.
कुठला, ते लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही.
दिवा मालवला की
मनातल्या मनात एकदा मोजून बघतो.
आहे.